तारेपर्यंत

मुलांनो, आधी स्वयंपाकघरात चला. काजूचं किंवा तांदळाचं हवा काढून बंद केलेलं पाकीट असेल तर ते हातात घ्या. ओट्यावर ठोकून पाहा. विटेसारखं वाजतं ना? आता आईला विचारून त्याचा एक कोपरा कात्रीने कापा. फुस्स! हवा आत शिरली आणि वीट लुळी पडली. दाणे तेच, पाकीट तेच, फरक फक्त हवेचा. आतली हवा काढून घेतली की बाहेरची हवा पाकिटाला चारी बाजूंनी दाबते, दाणे एकमेकांत अडकतात आणि हलायचे थांबतात. हवा आत सोडली की पुन्हा मोकळे.

आता कल्पना करा, अशा चाळीस हजार थैल्या शेजारी शेजारी मांडून एक मोठं मैदान केलं आहे. वर जाड, खरखरीत आवरण. खाली थैल्या, आणि थैल्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बोटभर जाडीच्या नळ्या. प्रत्येक थैलीला पाऊल कळतं. तुम्ही तिच्यावर पाय दिलात की ती लक्षात ठेवते, इथून कुणीतरी गेलं. मग ती आपले थोडे दाणे नळीतून शेजारणीकडे पाठवते, स्वतः जराशी खाली बसते आणि कडक होते. जिच्यावर कुणी पाय देत नाही ती ते दाणे घेऊन हळूहळू फुगते. म्हणजे माणसं चालतात तिथे आपोआप वाट होते, आणि चालत नाहीत तिथे बसायला उंचवटा. नकाशा नको, गवंडी नको. लोकांचे पाय हेच गवंडी.

असं मैदान आज कुठे नाही. वीस-पंचवीस वर्षांनी असू शकेल. ही गोष्ट तेव्हाची आहे.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउन नावाचं शहर आहे. त्याच्या मागचा डोंगर माथ्यावर ओट्यासारखा सपाट आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या रत्नागिरी-खेडकडची काही मुसलमान कुटुंबं बोटीने तिथे गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्या घरांत अजून कोकणी ऐकू येते.

त्या देशात एके काळी सरकार माणसाच्या कातडीचा रंग पाहून ठरवत असे, की त्याने कुठे राहायचं. गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, भारतीय लोकांची वेगळी. कार्यालयात बसून कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढायचा, आणि हजारो माणसांना सामान बांधून घर सोडावं लागायचं. दोन वस्त्यांमध्ये मुद्दाम ओसाड पट्टा ठेवत आणि त्यात तारेचं कुंपण घालत, म्हणजे इकडच्यांची तिकडच्यांशी गाठ पडायला नको. पुढे ते सरकार गेलं. कायदे गेले, कुंपणंही उपटली गेली. ओसाड पट्टे मात्र राहिले.

अशाच एका पट्ट्याच्या अलीकडे रोझव्हेल नावाची कोकणी वस्ती होती आणि पलीकडे लुखान्यो नावाची, खोसा भाषा बोलणाऱ्या काळ्या लोकांची. रोझव्हेलमध्ये तस्कीन मुकादम नावाची अकरा वर्षांची मुलगी राहायची. तिचे बाबा बोटीवर कामाला, वर्षातून तीन महिने घरी. घरात ती, आई आणि आईचे वडील, म्हणजे तिचे नाना. तस्कीनची आई सफूरा वास्तुरचनाकार होती. पट्ट्यावरचं शिकणारं मैदान तिने आखलेलं होतं.

आखलं म्हणण्यापेक्षा, तिने ते न आखायचं ठरवलं होतं. महापालिकेच्या बैठकीत ती म्हणाली होती, "या पट्ट्यावर पहिली रेघ कुणीतरी लांबून ओढली. आता मी लांबून ओढणार नाही. वर्षभर दोन्हीकडची माणसं इथे चालू देत. जमीन त्यांच्याकडून शिकेल. तीनशे पासष्टाव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता नळ्यांतून डिंकासारखा रस सोडायचा. तासाभरात सगळं दगडासारखं पक्कं होईल. जो आकार लोकांना हवा, तोच कायमचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तस्कीनने सगळ्यांत जास्त वाजवल्या.

रोझव्हेलची एक जुनी सवय होती. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज झाली की नाना काठी घेऊन फेरीला निघत, आणि त्यांच्यामागे निम्मी वस्ती निघे. बायका, पोरं, बाबागाडीतली बाळं. पट्ट्यात शिरायचं, काही अंतर जायचं आणि वळायचं. याला सगळे म्हणत, तारेपर्यंत जाऊन येणं. तार कुणाला दिसत नव्हती. ती निघाली तेव्हा सफूराचाही जन्म झालेला नव्हता. पण "तारेपर्यंतच हं, पुढे नाही," असं प्रत्येक आई आपल्या पोराला सांगायची, आणि प्रत्येक पोर बरोबर त्याच जागी वळायचं. सायकलसुद्धा तिथेच वळायची.

मैदान सुरू झालं तेव्हाही फेरी चालूच राहिली. पहिल्या दोन महिन्यांत वाटा उमटल्या. तिसऱ्या महिन्यात वळणाच्या जागी गुडघ्याएवढा छान बाक वर आला. लोक खूश झाले. पाचव्या महिन्यात बाकाला पाठ आली. शेजारची मैमूनाफुफी, म्हणजे मैमूनाआत्या, जिला कंबरदुखीशिवाय दुसरा विषय नव्हता, ती तर सफूराला दुवा देत सुटली.

"सफूरा, काय टेकायला झालंय गो! अगदी माझ्या कमरेचं माप घेतल्यासारखं!"

सातव्या महिन्यात फुफीने त्या पाठीवर जास्वंदीच्या कुंड्या ठेवल्या. आठवड्याला बोटभर वाढणारी गोष्ट रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. तुमची उंची तुमच्या आईला दिसते का? गावाहून आलेल्या मावशीला दिसते.

इथे ती मावशी म्हणजे नाना. बारावा महिना चालू होता. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेमुळे नाना सात महिने मैदानात आले नव्हते. मैदान पक्कं व्हायला दहा दिवस उरले असताना तस्कीन त्यांना हात धरून घेऊन आली. फुफीने लगेच थर्मासमधला चहा पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिला.

"बसा नाना, टेका. बघा तुमच्या लेकीने काय केलंय."

नाना बसले नाहीत. ते समोर बघत राहिले. मग पेला त्यांच्या हातातून सुटला आणि चहा त्यांच्या पायजम्यावर सांडला. त्यांना ते कळलंही नाही.

"ही तार," ते म्हणाले, "कुणी लावली परत?"

"तार कुठली, नाना? बाक आहे तो," तस्कीन हसून म्हणाली.

"बाक?" त्यांनी काठी उचलून दाखवली. "डावीकडे बघ. कुठपर्यंत गेलाय? उजवीकडे बघ."

तस्कीनने पाहिलं. रोज पाहत होती, पण आता नानांच्या काठीच्या टोकावरून पाहिलं. बाकाची पाठ तिच्या डोक्यापेक्षा उंच होती आणि ती मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली होती. कुठेही फट नव्हती. कुंड्यांच्या वर आकाशाची पट्टी तेवढी दिसत होती.  ती भिंत होती.

नाना भिंतीला हात लावत चालू लागले. काठी टाकूनच दिली त्यांनी. "इथे सरळ," ते पुटपुटत होते, "इथेही सरळ. आता चाळीस पावलांवर ती आत वळणार. निलगिरीचं झाड होतं ना, ते तोडायला नको म्हणून तार वळसा घालून नेली होती." तस्कीन मनात मोजत मागे चालली. अडतीस, एकोणचाळीस. भिंत आत वळली. तिथे झाड नव्हतं. झाडाचं खोडही नव्हतं. मोकळ्या जागेला भिंतीने हळूच वळसा घातला होता.

नाना खाली बसले. 

"मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "या झाडाची बोंडं पाडायला आम्ही चपला फेकून मारायचो. माझी चप्पल तारेपलीकडे पडली. मी रडायला लागलो. माझा मोठा भाऊ यूसुफभाई, बारा वर्षांचा. म्हणाला, रडू नको, आणतो. तारेखालून गेला. पलीकडे पोलिसाचा कुत्रा होता."

"मग?"

"दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला सोडला. पाय कायमचा गेला. चप्पल तिथेच राहिली. दोन वर्षं मला दिसत होती तारेतून. मग वाळूने झाकली."

"म्हणून तुम्ही सगळ्यांना तारेपर्यंतच न्यायचात?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता, हे तस्कीनला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तार निघाली," ते सावकाश म्हणाले, "आणि मी पन्नास वर्षं रोज पोरांना आणून दाखवत राहिलो, ती कुठे होती ते."

घरी हे ऐकून सफूराने जुना नकाशा काढला, पडद्यावर मैदानाच्या आकारावर ठेवला आणि ती उभीच राहिली. कुंपणाची रेघ आणि भिंतीची रेघ यांत एका वितीचा फरक होता. वळशासकट.

"यंत्र बिघडलंय," तस्कीन म्हणाली.

"नाही बिघडलं," सफूरा म्हणाली. "अगदी बरोबर चाललंय. मी सांगितलं होतं, जिथे कुणी पाय देणार नाही तिथे उंच हो. मला वाटलं, अशा जागा इकडे तिकडे विखुरलेल्या असतील. छोटे छोटे कट्टे होतील." ती खुर्चीत बसली. "इकडचे लोक त्या रेघेशी वळले. तिकडचेही त्याच रेघेशी वळले. दोन्हीकडच्या वाटांनी आपापले दाणे दिले. सबंध मैदानात एकच जागा होती जिथे वर्षभरात कुणाचाही पाय पडला नाही."

तुम्ही म्हणाल, मग चूक झाली, सुधारा. सफूरालाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी महापालिकेतून तिला दोन पत्रं आली. एक रोझव्हेलच्या रहिवाशांचं, एक लुखान्योच्या. दोन्ही वस्त्यांनी एकमेकांना न विचारता लिहिलेली. दोन्हींत एकच मागणी होती, की मैदानाचा आहे तो आकार ठेवावा, आमच्या बाजूची मुलं त्यामुळे सुरक्षित राहतात. रोझव्हेलच्या पत्रावर पहिली सही मैमूनाफुफीची होती.

सफूरा पत्रं घेऊन फुफीकडे गेली. तस्कीनही मागोमाग.

"अगो, मी काय भिंत बांध म्हणाले का?" फुफी कोथिंबीर निवडत होती. "ती आपली आपण आली. आता आलीच आहे तर असू दे. मी कुणाला वाईट म्हणते का? तेही चांगले, आपणही चांगले. पण पाठीला आधार असलेला बरा."

"फुफी, तिकडचं एक तरी माणूस तुम्ही ओळखता?"

"नाही गो. म्हणून तर भांडण नाही आमचं."

दोघी घरी निघाल्या. दारात पोचल्यावर तस्कीनने आईची ओढणी धरली.

"आई, तुझ्या फोनमध्ये ती आज्ञा आहे ना? सगळं सपाट करायची?"

"आहे. शेवटच्या दिवशी सहा वाजेपर्यंत कधीही वापरायची परवानगीही महापालिकेने दिली आहे."

"मग दाब!"

"तस्कीन, नाना पाच वर्षांचे असताना त्यांचं घर सुटलं. का? तर एका माणसाने त्यांना न विचारता एक रेघ ओढली. मी लोकांना न विचारता तीच रेघ पुसली, तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

"फरक आहे! त्याने ओढली. तू पुसणार!"

 ते खरं होतं. मग सफूरा म्हणाली, "बरं, दाबते. मैदान सपाट. मग उद्या संध्याकाळी फेरीला गेलेली माणसं कुठून वळतील?"

तेही खरं होतं. आणि तस्कीनला त्याचा भयंकर राग आला. आपल्या आईने भिंत बांधली, असं ती मोठ्याने म्हणाली. असं बोलायला नको होतं. सफूराचा चेहरा पांढरा पडला. तस्कीन पायांत चपला सरकवून धावत सुटली ती थेट मैदानात, वळशाच्या जागी. बाकावर चढली. पाठीचा उतार चार पायांवर रांगत चढली. माथ्यावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने पलीकडे पाहिलं.

पलीकडेही बाक होता. त्यावर आजीबाई बसल्या होत्या, भिंतीला पाठ टेकून. बाकामागे फुलांच्या कुंड्या होत्या. मुलं खेळत होती. शंभर-दीडशे पावलांवर घरं सुरू होत होती आणि पहिल्या घराच्या छपरावर पिवळी पाण्याची टाकी होती. टाकीवर कुणीतरी निळ्या रंगाने मोठा मासा काढला होता.

तस्कीनला तो मासा माहीत होता. तिच्या वर्गातल्या याम्केलाच्या चित्रात तो दर वेळी असायचा. "आमच्या टाकीवरचा," असं याम्केला सांगायची. चार वर्षं दोघी शाळेत एका बाकावर बसत होत्या. शाळेची एक बस तस्कीनला घेऊन मोठ्या पुलावरून इकडे यायची, दुसरी याम्केलाला घेऊन वळसा घालून तिकडे जायची. प्रत्येकीला चाळीस मिनिटं.

"याम्केला!" ती ओरडली.

खेळणाऱ्या मुलांतली एक थांबली. वर पाहून तिने आ वासला.

"तू? तू इथे काय करतेस?"

"मी इथे राहते! तू काय करतेस?"

"मी पण इथेच राहते!" याम्केला धावत येऊन भिंत चढू लागली. "खोटारडे! तू म्हणालीस, तू पुलापलीकडे राहतेस!"

"तूसुद्धा तेच म्हणालीस!"

दोघी माथ्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. हसायला आलं, आणि मग एकदम हसू थांबलं. खालून याम्केलाची आजी हाका मारत होती.

"माकुलु रागावली," याम्केला म्हणाली. माकुलु म्हणजे खोसा भाषेत आजी. "ती म्हणते, तारेवर कशाला चढलीस."

तस्कीनने तिचा हात धरला. "तार? तुमच्याकडे पण म्हणतात? कुठली तार?"

"माहीत नाही. तुमच्याकडे कुठली?"

"माहीत नव्हतं मला. कालच कळलं."

तिने सगळं सांगितलं. मग याम्केलाने खाली पाहिलं आणि ती ओरडली, "तस्कीन, ही खाली चाललीये!"

त्यांच्या पायांखालची थैली दबली होती. अगदी किंचित, एका पावलाला केसाइतकी. पण जमिनीला कळलं होतं, की इथे कुणीतरी आलं.

त्या संध्याकाळी सफूराच्या पडद्यावर वर्षभर काळ्या असलेल्या रेघेत एक ठिपका चमकला. ती तस्कीनजवळ येऊन बसली.  सफूराने कागद घेतला.

"एका पावलाला एक केस. भिंत दीड मीटर. म्हणजे एका जागी पंधरा हजार पावलं. दोघी मिळून रोज सहाशे वेळा ओलांडलंत, दर खेपेला माथ्यावर दोन पावलं, आणि आज धरून नऊ दिवस..." तिने गुणाकार केला. "दहा हजार आठशे."

"मग उरेल किती?"

"गुडघ्याएवढं. तुम्ही उडी मारून जाल. फुफी जाणार नाही. बाबागाडी जाणार नाही. नाना जाणार नाहीत. आणि ते कायमचं."

"बाकीची चार हजार पावलं कुणाची?"

"ते मी सांगू शकत नाही, बाय."

दोघी रोज शाळेतून आल्या की चालू लागत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. घोटे सुजले. मुलं चिडवत, "मुंग्या आल्या, मुंग्या!" माकुलु आधी ओरडली, मग तिने बाकावर तोंड फिरवून बसायला सुरुवात केली, म्हणजे मुलींकडे बघता यावं. चौथ्या दिवशी फुफीने स्वतःच्या दोन कुंड्या बाजूला घेतल्या. "जास्वंद तुडवाल मेल्यांनो," एवढंच म्हणाली. पण मोठं माणूस एकही चढलं नाही. वळशाच्या जागी दरवाजाएवढी खाच पडत गेली. छातीपर्यंत, कमरेपर्यंत, मांडीपर्यंत.

नाना रोज येत आणि अलीकडच्या बाकावर बसून बघत. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे पाय सुजायचे म्हणून चपला काढून ठेवत. तस्कीनने एकदा विचारलं, "नाना, येता?" ते म्हणाले, "उद्या बघू."

शेवटचा दिवस आला. महापालिकेने दोन्ही बाजूंना मांडव घातले होते. पाच वाजल्यापासून माणसं जमली. इकडे दोनशे, तिकडे दोनशे. खाचेत भिंत गुडघ्याएवढी उरली होती, सफूराच्या गणितासारखी. त्या दारातून दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघत होते, आगगाडी यायची वाट बघत असल्यासारखे. कुणी हललं नाही.

पाच वाजून वीस मिनिटं. सफूरा मोजत होती. चारशे माणसं प्रत्येकी सहा वेळा गेली तर पुरे. अजून वेळ होता. तिच्या हातात फोन होता आणि अंगठा त्या आज्ञेवर होता. 

"फुफी, चला ना," तस्कीन म्हणाली.

"नाना उठू देत आधी," फुफी म्हणाली. "आम्ही सगळे त्यांच्या मागे जातो. पन्नास वर्षं गेलोय."

तस्कीन वळली. खरंच, सगळी रोझव्हेल नानांकडे बघत होती. पलीकडे याम्केलाने काहीतरी सांगितलं असावं, कारण सगळी लुखान्योही नानांकडेच बघत होती.

"नाना, चला."

नाना काठीवर भार देऊन उठले, अनवाणीच. चार पावलं आले. खाचेपाशी आले आणि थांबले. बरोबर तिथेच, जिथे ते रोज वळत. तस्कीनने पाहिलं, त्यांचा उजवा पाय वर उचलला जात होता आणि पुन्हा त्याच जागी पडत होता. ब्याऐंशी वर्षांचा माणूस घामाने भिजला होता.

"जमत नाही गो," ते हळूच म्हणाले. "पायच ऐकत नाही. मला दिसतोय तो अजून."

"कोण?"

"कुत्रा."

पाच वाजून सव्वीस. पलीकडे माकुलु उभी राहिली होती. सफूराने डोळे मिटले.

तस्कीन धावत बाकापाशी गेली. नानांच्या चपला तिथे ठेवल्या होत्या, अंगठे झिजलेल्या. तिने एक उचलली. खाचेपाशी येऊन नानांच्या शेजारी उभी राहिली आणि सगळ्या रोझव्हेलसमोर, सगळ्या लुखान्योसमोर, तिने ती चप्पल हात मागे नेऊन जोरात तारेपलीकडे भिरकावली. चप्पल माकुलुच्या पायांपाशी जाऊन पडली.

"या अल्ला!" फुफी किंचाळली.

कुत्रा आला नाही. मैदानात एवढी शांतता पसरली, की पाठीमागच्या मांडवाचं कापड फडफडताना ऐकू येत होतं. माकुलुने वाकून चप्पल उचलली. पदराने पुसावी तशी शालीच्या टोकाने पुसली. पण ती द्यायला पुढे आली नाही. हातात धरून ती तिथेच उभी राहिली, वाट बघत.

नाना चपलेकडे बघत होते. आठ वर्षांच्या मुलाने बघावं तसे.

"या वेळी तिकडे कुणी नाही, नाना," तस्कीन म्हणाली. "जाऊन आणा."

आणि त्यांनी नाही म्हणायच्या आत तिने दुसरीही फेकली.